सिमेंटच्या भट्टीत शहराचा कचरा जाळतात, गावानं नेमकं काय बघावं?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. गोकाकच्या पलीकडं, लोकापूरच्या वाटेवर तुमचं गाव. तीन किलोमीटरवर सिमेंट कारखाना. वर्षभरापासून ताडपत्री घातलेले ट्रक शहराचा कचरा घेऊन तिथं जातात. पोरांनी एक दिवस मोजले तर २२ भरले. काही दिवस काहीच वास नसतो, काही दिवस संध्याकाळी ताटावर बसवत नाही. ग्रामसभेत कंपनीच्या माणसानं सांगितलं की भट्टीत दोन हजार अंश तापमान असतं, सगळं जळून जातं. तुमची आई विचारते, घरच्या चुलीत प्लास्टिक घालू नका म्हणतात, मग ह्यांनी घातलेलं कसं चालतं? आणि शेवटी, गावानं विरोध करावा की नको.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी खानापूर तालुक्यातला. नोकरीची एकतीस वर्षं बागलकोट आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या भट्ट्यांवर गेली, बराच काळ कंट्रोल रूममध्ये. शेवटची काही वर्षं कचऱ्याचं इंधन आमच्याच गळ्यात होतं. घरची भाकरी सिमेंटवर शिजली, तेव्हा मी तटस्थ आहे असं समजू नका. तुमचा कारखाना मी पाहिलेला नाही. कुठली भट्टी, केवढी, कचरा कुठून येतो, बायपास, म्हणजे क्लोरीन भरलेला वायू बाजूला काढायची सोय, आहे की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. जिथं तसं असेल तिथं तसं लिहितो.

आईचा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे, तिथूनच सुरू करतो. चुलीत किंवा बांधावरच्या ढिगाऱ्यात प्लास्टिक पेटवलं की आग एका जागी भडकते, दुसऱ्या जागी नुसती धुमसते. हवा पुरत नाही. अर्धवट जळालेला धूर तिथंच, माणसाच्या नाकाच्या उंचीवर फिरतो. त्यात पीव्हीसी असेल, म्हणजे रेक्झिन, जुनी पाइप, वाढदिवसाचे फ्लेक्स, तर क्लोरीन सुटतो आणि त्यातून डायऑक्सिनसारखी अतिविषारी घाण तयार होते. भट्टीत तीन गोष्टी वेगळ्या असतात. उष्णता सारखी आणि भरपूर असते, हवा मोजून दिली जाते, आणि तिसरी गोष्ट जी ग्रामसभेत कोणी सांगत नाही: तिथं चुना असतो. चुनखडीची भुकटी गरम वायूच्या अंगावर सतत पडत असते. आम्लाचे वायू, म्हणजे हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड, चुना शोषून घेतो. कचरा जाळायच्या साध्या यंत्रात हे काम वायू धुणारं वेगळं यंत्र, म्हणजे स्क्रबर, लावून करावं लागतं, भट्टीत ते प्रक्रियेतच होतं. राखही उरत नाही. तिच्यातलं सिलिका, ॲल्युमिना, लोह क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट होतं त्या भट्टीतल्या गोळ्यांत, मिसळून जातं. म्हणून आईंना सांगा, चूल आणि भट्टी ह्यांची तुलना होत नाही. पण त्यांची शंका चुकीची नाही, ती फक्त दुसऱ्या जागी लागू पडते. तिकडं येतोच.

दोन हजार अंशांचं वाक्य अर्धं खरं आहे. मेन बर्नरच्या ज्वाळेचं तापमान १८०० ते २००० अंश असतं आणि क्लिंकर साधारण १४५० अंशांना बनतो, हे बरोबर. पण आजच्या भट्टीत इंधन दोन जागी जातं. निम्म्याहून जास्त, बहुधा साठ टक्क्यांच्या आसपास, प्रीहीटरच्या, म्हणजे कच्चा माल आधी तापवणाऱ्या, मनोऱ्यातल्या कॅल्सायनरमध्ये जातं. चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड तिथं सुटतो आणि तिथलं तापमान असतं ८५० ते ९०० अंश. शहराच्या कचऱ्यापासून केलेलं इंधन, ज्याला आम्ही आरडीएफ म्हणतो, ते बहुतेक ठिकाणी कॅल्सायनरमध्येच घालतात, कारण मेन बर्नरला बारीक आणि कोरडा माल लागतो. म्हणजे तुमच्या वाटेनं जाणारा कचरा दोन हजार अंशांत नाही, नऊशेच्या आसपास जळतो.

म्हणून घाबरायचं का? नाही. साध्या कचऱ्याला युरोपातल्या नियमाप्रमाणं ८५० अंशांवर वायू निदान दोन सेकंद राहिला पाहिजे, आणि चांगला कॅल्सायनर त्याहून जास्त वेळ देतो. क्लोरीनयुक्त घातक कचरा, जुनी कीटकनाशकं, ट्रान्सफॉर्मरचं जुनं तेल असली प्रकरणं वेगळी. त्यांना ११०० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणजे मेन बर्नरच. तेव्हा कंपनीच्या माणसाला विचारायचा प्रश्न असा: "कुठला कचरा कुठल्या तोंडातून घालता?" ज्याला उत्तर माहीत आहे तो लगेच देईल. जो पुन्हा दोन हजार अंशांवर येईल, त्याला त्या कामाची माहिती नाही किंवा सांगायची नाही.

आता ट्रकचा हिशेब करू, त्यातून बरंच कळतं. चांगल्या भट्टीला एक किलो क्लिंकरला ७००-७५० किलोकॅलरी उष्णता लागते. ७२० धरू. भट्टी दिवसाला ३००० टन क्लिंकर काढते आणि दहा टक्के उष्णता कचऱ्यातून घेते असं समजा. टनामागं ७२,००० किलोकॅलरी झाल्या. बरा आरडीएफ किलोला ३००० देतो, म्हणजे टनामागं २४ किलो आणि दिवसाला ७२ टन. आरडीएफ फुगीर असतो, कापसासारखा. मोकळा भरला तर ट्रकात आठ-नऊ टनांवर बसत नाही. म्हणजे रोज आठ-नऊ ट्रक. तुमच्या पोरांनी २२ मोजले. मग एक तर भट्टी ह्याच्या दुपटीहून मोठी आहे, किंवा ते दहा टक्क्यांच्या बरेच पुढं गेलेत, किंवा माल इतका ओला आणि मातीचा येतो की तेवढ्याच उष्णतेला जास्त लागतो, किंवा त्या दिवसांत साठा चालला होता. चारही शक्यता खऱ्या असू शकतात. शेवटची असेल तर तुमच्या वासाचं उत्तर तिच्यात आहे.

जर्मनीत सिमेंटच्या भट्ट्या साठ-सत्तर टक्के उष्णता असल्या इंधनातून घेतात. आपल्याकडं दहा टक्क्यांना पोचताना दमछाक होते. कारण भट्टी नाही, कचरा आहे. आपल्या घरातून ओला-सुका एकत्र निघतो, त्यात भाजीचं पाणी, माती, विटांचे तुकडे, मीठ. कचऱ्याचा जुना डोंगर उकरून काढलेला असेल तर अर्धी माती. बेळगावच्या कचरा डेपोकडं, तुरमुरीच्या बाजूला पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि तुमच्याकडं कोरडं. तिकडचा भिजलेला माल इकडच्या कोरड्या गावात येऊन पडला की फरक तुमच्या नाकाला कळणारच. पाण्याचा हिशेबही सोपा आहे. एक किलो पाणी तापवून वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी जातात. मालात तीस टक्के ओल असेल तर किलोमागं १८० किलोकॅलरी नुसती वाफ करण्यात गेली. वर ती वाफ भट्टीतला वायू ओढणाऱ्या मोठ्या पंख्याला, आयडी फॅनला, ओढावी लागते, म्हणजे क्लिंकर कमी निघतो. माझ्या काळात पावसाळा लागला की प्रॉडक्शनवाले आणि एएफआरवाले, म्हणजे पर्यायी इंधन बघणारे, ह्यांची रोज सकाळी मीटिंगमध्ये जुंपायची. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

पण भट्टीवाल्याची खरी झोप उडवतो तो क्लोरीन. ही गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या बाजूनं बोलणारी कारखान्यातली सगळ्यांत मोठी शक्ती तीच आहे.

क्लोरीन भट्टीच्या गरम टोकाला वाफ होऊन उडतो, वर मनोऱ्यात गारव्याला लागला की पोटॅश-सोड्याबरोबर क्षार होऊन चिकटतो, मालाबरोबर परत भट्टीत येतो, परत उडतो. असा फेरा वाढत जातो. भट्टीतून मनोऱ्यात वायू नेणाऱ्या राइजर डक्टमध्ये आणि वायूतून भुकटी वेगळी करणाऱ्या खालच्या सायक्लोनमध्ये थर बसतात, मग एक दिवस सायक्लोन जाम. ढोबळ नियम असा की बायपास नसेल तर टन क्लिंकरमागं सगळा मिळून क्लोरीन तीनशे ग्रॅमच्या आसपास ठेवायचा. वरच्या हिशेबातला २४ किलो आरडीएफ घ्या, त्यात ०.८ टक्के क्लोरीन धरा. १९२ ग्रॅम झाला. चुनखडी आणि कोळसा आपला थोडा आणतातच. वीस टक्क्यांवर गेलात तर एकट्या आरडीएफचा ३८४ ग्रॅम. मग बायपास लावा, नाहीतर दर आठ दिवसांनी भट्टी बंद करा. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, साधारण ५७ टक्के, क्लोरीन असतो, तेव्हा थोडे फ्लेक्ससुद्धा सगळा हिशेब बिघडवतात.

एका कारखान्यात (नाव नको) आम्ही हे अंगावर घेतलं. निवडणूक होऊन महिना झाला होता. कुणीतरी उतरवलेले बॅनर तुकडे करणाऱ्या श्रेडरला लावून आरडीएफमध्ये ढकलले. ट्रक काट्यावरून सरळ शेडमध्ये गेले, नमुन्याचा निकाल लॅबमधून तिसऱ्या दिवशी आला आणि चौथ्या रात्री खालचा सायक्लोन जाम झाला. भट्टी थांबवली. जाम काढायला माणसं सळया घेऊन चढली. आठशे-साडेआठशे अंशांची ती भुकटी थंड दिसते, पण सुटली की पाण्यासारखी धावते. एका कंत्राटी पोराचे दोन्ही हात भाजले. पुढं तो बरा झाला, पण त्या दिवसापासून नमुना तपासल्याशिवाय ट्रक उतरवायचा नाही असा नियम झाला. ते आधीच व्हायला हवं होतं, आणि मीसुद्धा तेव्हा जोर धरला नव्हता.

सांगायचं ते हे की घाण माल आला की पहिला फटका भट्टीलाच बसतो, म्हणून क्लोरीनच्या बाबतीत गावाचं आणि कारखान्याचं हित एका बाजूला आहे. ओलीच्या बाबतीतही बरंचसं. सगळ्याच बाबतीत मात्र तसं नाही, आणि जिथं नाही तिथंच गावानं डोळा ठेवायचा.

पहिली जागा पारा. मोडकी थर्मामीटर, ट्यूबलाइट, काही बॅटऱ्या यांतून तो येतो. बहुतेक जड धातू क्लिंकरमध्ये अडकतात, पारा अडकत नाही. तो वाफ होऊन वर जातो, रॉ मिल, म्हणजे चुनखडी दळायची गिरणी, चालू असेल तेव्हा थंड भुकटीला चिकटून फिल्टरमध्ये थांबतो आणि त्याच भुकटीबरोबर परत फिरतो. रॉ मिल बंद पडली की साठलेला एकदम बाहेर पडतो. यानं सायक्लोन जाम होत नाही, प्रॉडक्शन कमी होत नाही, कुणाची मीटिंग होत नाही. म्हणून विचारायचं: चिमणीचा नमुना घेतला तेव्हा रॉ मिल चालू होती की बंद? बंद असतानाचा एक तरी अहवाल आहे का?

दुसरी जागा डायऑक्सिन. भट्टीत तो मोडतो, पण वायू थंड होताना, साधारण २०० ते ४५० अंशांच्या मध्ये, धुळीवर परत जुळू शकतो. उपाय म्हणजे त्या टप्प्यातून वायू झटकन पुढं काढणं आणि फिल्टर थंड ठेवणं. आणि तेलकट माती, रसायन लागलेला चिखल असला माल चुनखडीबरोबर वरच्या थंड टोकातून कधीही न घालणं, कारण तिथं तो जळायच्या आधीच त्याची वाफ चिमणीकडं निघून जाते. कच्च्या मालाच्या नावाखाली काय काय येतं हा प्रश्न म्हणूनच इंधनाइतकाच महत्त्वाचा.

नियमाचे आकडे देतो, कागद हातात आला की ताडून बघता येतील. कचरा वापरणाऱ्या सिमेंट भट्ट्यांसाठी केंद्रानं मे २०१६ मध्ये मर्यादा ठरवल्या. घनमीटर वायूमागं धूळ ३० मिलिग्रॅम, हायड्रोजन क्लोराइड १०, हायड्रोजन फ्लोराइड १, पारा ०.०५, आणि डायऑक्सिन-फ्युरान मिळून ०.१ नॅनोग्रॅम. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा भट्टीच्या वयाप्रमाणं बदलते. धूळ, सल्फर, नायट्रोजन यांचं मोजमाप चिमणीवर सतत चालू असतं, आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं जातात आणि गेटवरच्या फलकावरही दिसायला हवेत. डायऑक्सिन तसा सतत मोजला जात नाही. काही तास नमुना ओढून मोजक्याच प्रयोगशाळांत पाठवावा लागतो, त्यामुळं तो आकडा वर्षाच्या एखाद्याच दिवसाचा असतो. तो दिवस कसा निवडला जातो हे मला माहीत आहे. सगळं सुरळीत चालू असलेलाच निवडतात.

आता तुमचा वास. कंपनीचा दावा खरा धरला, भट्टीत सगळं जळतं असं मानलं, तरी वास आहे. म्हणजे तो भट्टीतून येत नाही. माझा अंदाज सरळ आहे. कचरा साठवायच्या शेडमधली हवा पंख्यानं ओढून क्लिंकरच्या कूलरला किंवा भट्टीला द्यायची, म्हणजे वास जळून जातो, ही चांगली रचना. पण ती भट्टी चालू असेपर्यंत. भट्टी थांबली की हवा ओढणारं कोणी नाही, ट्रक मात्र येतच राहतात, कारण नगरपालिकेशी करार रोजचा असतो आणि शहर कचरा करायचं थांबत नाही. शेड भरतं, मग पावसाळी ताडपत्रीखाली बाहेर ढीग. चार दिवसांत आतून तापतो, पाणी सुटतं. म्हणून म्हणालो की आईंची शंका चुकीच्या जागी नाही. न जळालेला कचरा तुमच्या वाऱ्याच्या तोंडावर पडलेला असतो.

हे ताडून बघणं अवघड नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वासाचे दिवस मांडा, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. तिथं कामाला जाणाऱ्या गावातल्या पोरांना भट्टी कधी बंद होती ते माहीत असतंच. दोन महिन्यांत तारखा जुळल्या तर तुमच्याकडं असा पुरावा आहे जो मंडळाच्या माणसालाही झटकता येणार नाही. जुळल्या नाहीत तर मी चुकलो. मग शेडचं दार, गळकं पत्र्याचं छप्पर, ट्रकातून गळणारं पाणी, हे बघावं लागेल.

शेडची दुसरी भीती आग. कचऱ्यात मोबाइलची फुगलेली बॅटरी येते, श्रेडरनं ती चिरली की ठिणगी. किंवा ढीग आतून तापत जातो. शेडला आग लागते तेव्हा तो धूर अगदी चुलीसारखाच असतो: नऊशे अंश नाहीत, चुना नाही, फिल्टर नाही. वर्षभर चिमणीतून जे गेलं नसेल ते एका रात्रीत गावावर येऊ शकतं. एका पहाटे आम्ही लोडरनं ढीग फोडून धुमसणारा भाग बाहेर ओढून विझवला, तेव्हा मनोऱ्यापेक्षा ह्या शेडची भीती वाटली होती. उष्णता टिपणारे कॅमेरे, पाण्याची टाकी, ढिगाऱ्यांमध्ये मोकळी जागा, आणि किती दिवसांचा साठा ठेवायचा याची मर्यादा. हे सगळं आहे का ते डोळ्यांनी बघता येतं, त्याला इंजिनियर लागत नाही.

छपरावरची पांढरी धूळ आणि कचरा ह्यांचा संबंध बहुतेक नाही. ती क्रशर, खाणीचा रस्ता, क्लिंकरचा उघडा ढीग यांची असते. तिची तक्रार वेगळी लिहा, एका अर्जात घातलीत तर दोन्ही विषय पातळ होतात.

सिमेंट कमजोर होतं का, असंही काहींनी तुम्हाला विचारलंय म्हणता. नाही. क्लोराइड ०.१ टक्क्याच्या आत ठेवणं मानकानं बंधनकारक आहे, आणि राखेचा हिशेब कच्च्या मालाच्या मिश्रणात धरतात. घर बांधताना यापेक्षा पाणी किती दिवस मारताय ते बघा.

आपल्या भागाचं एक सांगतो. कचऱ्याचं इंधन म्हणजे शहराचाच कचरा असं नाही. निपाणीकडं तंबाखूचं देठ, खानापूर-चंदगड पट्ट्यात तेल काढलेली काजूची टरफलं, सगळीकडं उसाचं पाचट. बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, साखर कारखाने स्वतःच जाळतात, ती हाताला लागत नाही. शेतातल्या मालात पोटॅश असतो, तोही फेऱ्यात फिरतो, पण पारा आणि पीव्हीसी नाही. इंधन नसलेला मालही आहे. बेळगावच्या फाउंड्र्यांची टाकाऊ वाळू सिलिकासाठी, यमनापूरच्या ॲल्युमिना कारखान्याचा लाल चिखल लोह-ॲल्युमिनासाठी भट्टीला चालतो. जुन्या टायरची तार लोहाचं काम करते आणि रबर किलोला साडेसात हजार किलोकॅलरीच्या वर देतं. माझ्या हातात असतं तर तुमच्या भागातल्या भट्टीला आधी हा माल दिला असता आणि शहराचा ओला कचरा शेवटी. पण शहराचा कचरा घ्यायला कारखान्याला पैसे किंवा सवलत मिळते, काजूच्या टरफलाला उलट पैसे मोजावे लागतात. गणित तिथं फिरतं.

आणि पर्यावरणाच्या पाट्यांवर फार विश्वास ठेवू नका. सिमेंटचा साठ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड चुनखडीतूनच सुटतो, इंधन कुठलंही घाला. कोळसा वाचतो हे खरं, कचऱ्याचा डोंगर कमी होतो हे त्याहून खरं. २०१६ च्या घनकचरा नियमांत आरडीएफ प्रकल्पापासून शंभर किलोमीटरच्या आतल्या, इंधन जाळणाऱ्या कारखान्यांनी निदान पाच टक्के इंधन आरडीएफचं वापरावं असं होतं, ते ह्याचसाठी. चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या ह्यांना दुसरी वाट नाही, त्या भट्टीत गेलेल्या बऱ्या. पाण्याची बाटली भट्टीत जात असेल तर ते चूक, ती भंगारवाल्याच्या पोटाची वस्तू आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात: भट्टी नीट चालू असताना जळणाची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती भट्टी बंद असतानाच्या ढिगाऱ्याची, शेडच्या आगीची, रॉ मिल बंद असतानाच्या पाऱ्याची, आणि सळई घेऊन मनोऱ्यावर चढणाऱ्या कंत्राटी पोरांची, जी बहुधा तुमच्याच गावची असतात.

म्हणून विरोध करावा का, ह्याला माझं उत्तर: सरसकट विरोध केलात तर कंपनी तुम्हाला दोन हजार अंश ऐकवत राहील आणि नियम तिच्या बाजूनं आहेत. अटी घाला. साठा किती दिवसांचा, ते लिहून घ्या. भट्टी दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर ट्रक थांबवायचे, हे लिहून घ्या. शेड पूर्ण बंद आणि खाली पाणी गोळा करणारी गटार, हे लिहून घ्या. पंचायतीच्या पीडीओमार्फत, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यामार्फत, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून कारखान्याच्या सीएफओची, म्हणजे कारखाना चालवायच्या परवानगीची, प्रत मागा. कुठला कचरा, वर्षाला किती टन, हे त्यात असतं. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा अनुपालन अहवाल कारखान्याला दर सहा महिन्यांनी, १ जूनला आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. तो उघड कागद आहे. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतील. मराठी शाळेत शिकलेल्यांची तिथं अडचण होते, माझीही व्हायची. गावातल्या पदवीवाल्या पोरांना बसवा. आकड्यांना भाषा लागत नाही. कुणी देत नसेल तर माहिती अधिकार आहेच.

मंजूर टन आणि तुमच्या पोरांचे २२ ट्रक जुळतात का ते पहिलं बघा. २२ गुणिले साडेआठ टन, गुणिले वर्षाचे तीनशे दिवस: ५६ हजार टनांच्या आसपास येतं. कागदावर त्याच्या निम्मं असेल तर बोलणी तिथूनच सुरू करा.

आणि एक. कंपनी गावकऱ्यांना कारखाना दाखवायला बोलावेल, चहा-उप्पीट देईल, कंट्रोल रूममधले पडदे दाखवेल. जा. पण तारीख तुम्ही सांगा: भट्टीची वीट बदलायला वार्षिक शटडाऊन असतो, त्यातल्या पाचव्या-सहाव्या दिवसाची. आणि कंट्रोल रूमच्या आधी शेडमध्ये न्या म्हणावं.